भोग आणि मोजमाप

माझ्या आत्याचा खोकला गेल्या पावसाळ्यात वाढला तेव्हा मी तिला गागोदे बुद्रुकहून पेणला एका डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस होता. त्याने छाती तपासली, बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला आणि लिहायला कागद ओढला. बिडी ओढता का? नाही. तंबाखू? मशेरी लावते. घरात कुणाला दमा? ठाऊक नाही. तीन प्रश्न झाले आणि पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य कागदाच्या एका ओळीत संपले. बाहेर आल्यावर मी म्हणालो, ‘आत्या, त्याने आणखी काही विचारायला हवे होते.’ ती म्हणाली, ‘काय इचारायचा बाबा? भोग हाय आपला.’

हा शब्द त्या दिवसापासून मला सोडीत नाही. आपल्या आयाबायांच्या तोंडी तो इतका रुळला आहे की त्यामागचे तत्त्वज्ञान कुणाच्या ध्यानातही येत नाही. मागल्या जन्मी केले ते या जन्मी भोगायचे, असा त्याचा अर्थ. १९५६ साली नागपूरला आपण तो धर्म टाकला. शब्द मात्र जिभेवर राहून गेला. कर्माच्या या हिशेबात वरच्यांची एक मोठी सोय आहे. हिशेबाची वही कुणीच पाहिलेली नसते. चुलीचा धूर, डोक्यावरचा हंडा, भट्टीची राख ही कुणीतरी कुणाच्या तरी वाट्याला दिलेली असतात. पण भोग म्हटला की देणारा नाहीसा होतो आणि भोगणारा तेवढा उरतो.

गेल्या वीस वर्षांत आरोग्यशास्त्रात एक नवा विचार पुढे आला आहे. ही वही पाहता येते, निदान तिची काही पाने तरी वाचता येतात, असे तो म्हणतो. आपल्या चळवळीत त्याची चर्चा माझ्या कानावर फारशी आलेली नाही. कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना तो ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

२००३ साली मानवी जनुकांचा संपूर्ण आराखडा वाचून झाल्याची घोषणा झाली. त्या काळी अपेक्षा फार मोठ्या होत्या. मधुमेह, हृदयविकार, कर्करोग या साऱ्यांचे मूळ रक्तातल्या लिपीत सापडेल, असे बोलले जात होते. आपल्या देशात असल्या बोलण्याला एक निराळीच गोडी असते. ‘रक्तातच असावे लागते’ हे वाक्य येथे तीन हजार वर्षे चालत आले आहे आणि त्याला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला तर कुणाला नको आहे? जातीला वंशशुद्धीचे शास्त्र म्हणणाऱ्यांचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिनिर्मूलना’त घेतला होता. पण ती भाषा मरत नाही, फक्त कपडे बदलते.

२००५ साली ख्रिस्तोफर वाइल्ड या इंग्रज कर्करोगतज्ज्ञाने एक छोटा लेख लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते की जनुके मोजण्याची साधने फार बारीक झाली आहेत, पण माणसाच्या अंगावर बाहेरून जे येते ते मोजण्याची साधने अजून ओबडधोबड आहेत. एका ताजव्यात सोनाराचे वजन आणि दुसऱ्यात विटेचा तुकडा. मग रोगात जनुकाचा वाटा किती आणि परिस्थितीचा किती, हे ठरणार कसे? म्हणून गर्भधारणेपासून मरणापर्यंत माणसाच्या अंगावर जे जे आले त्या साऱ्याच्या बेरजेचे शास्त्र हवे. त्या बेरजेला त्याने ‘एक्स्पोझोम’ असे नाव दिले. मराठीत यासाठी ‘संपर्क’ हा शब्द काहीजण वापरतात. मला तो पटत नाही. संपर्क म्हटले की दोघे बरोबरीने भेटल्यासारखे वाटते. मी येथे ‘अंगावर आलेले’ असेच म्हणणार आहे.

२०१२ साली वाइल्डने या बेरजेचे तीन भाग पाडले. पहिला शरीराच्या आतला: संप्रेरके, सूज, आतड्यातले जिवाणू, चयापचय. दुसरा बाहेरचा आणि नेमका: धूर, अन्न, पाणी, रसायने, तंबाखू, कामाची जागा. तिसरा बाहेरचा पण व्यापक: शिक्षण, पैसा, मनावरचा ताण, शहर की खेडे, हवामान. या तिसऱ्या खान्यात जात हा शब्द नाही. इंग्रज माणसाला तो सुचला नाही, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. आपल्याकडे हीच यादी घेऊन काम करणाऱ्यांना मात्र तो सुचायला हवा.

आता मोजायचे कसे? सगळ्यांत सरळ रीत म्हणजे माणसाच्या अंगावरच यंत्र बांधणे. कर्क स्मिथ या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटे पंप लावले. बाई चुलीपुढे जेवढा वेळ बसेल तेवढा वेळ तिच्या नाकाजवळची हवा गाळणीतून ओढली जाई आणि मागाहून त्या गाळणीचे वजन करीत. हा अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. दर घनमीटर हवेत सरासरी जवळजवळ ७ मिलिग्रॅम कण, म्हणजे ७ हजार मायक्रोग्रॅम. भारत सरकारने २००९ साली बाहेरच्या हवेतील बारीक धुळीला घातलेली चोवीस तासांची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम आहे. दोन्ही मापांची धूळ तंतोतंत एक नाही, त्यामुळे भागाकार करून पटीत सांगणे बरोबर होणार नाही. पण कुठे सात हजार आणि कुठे शंभर! शहरात धुरके पडले की वर्तमानपत्रांची पहिली पाने भरतात. चुलीच्या धुराने कुणाचे पहिले पान भरले आहे?

दुसरी रीत शरीराने स्वतः ठेवलेल्या नोंदी वाचण्याची. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. लांब वेणी म्हणजे गेल्या काही वर्षांची पट्टी. हाडात शिरलेले शिसे तेथे दशकानुदशके मुक्काम करते. सर्वांत नवलाची नोंद दुधाच्या दातात असते. हे दात आईच्या पोटातच बनू लागतात, झाडाच्या कड्यांसारखे थरावर थर चढत जातात आणि जन्माच्या वेळची एक रेघही त्यात उमटते. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरने शाळकरी मुलांचे पडलेले दात गोळा केले आणि त्यांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, ती मुले बुद्धीच्या चाचणीत आणि वर्गातल्या वागण्यात मागे, असे त्याला आढळले. आपण तो दात कौलावर फेकून देतो. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेल्या आपल्या किती मुलांचे दात कौलांवर पडून गेले असतील!

तिसरी रीत रक्त जपून ठेवण्याची. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात १९५९ ते १९६७ या काळात हजारो गरोदर स्त्रियांचे रक्त घेऊन गोठवून ठेवले होते. त्या वेळी डीडीटी म्हणजे चमत्कार होता. अर्ध्या शतकानंतर ते रक्त बाहेर काढले आणि त्यातले डीडीटी मोजले. ज्या आयांच्या रक्तात त्याचे प्रमाण सर्वांत जास्त होते त्यांच्या मुलींना पन्नाशीच्या सुमारापर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका जवळजवळ चौपट निघाला. हा निष्कर्ष २०१५ सालचा. फवारणी आईच्या अंगावर आणि गाठ मुलीच्या छातीत, असा हा प्रवास आहे. आपल्याकडे १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर भिंतींवर डीडीटी मारले जाऊ लागले. त्याने हिवताप हटला, लाखो जीव वाचले, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुढे ते आपल्याच जिल्ह्यात, रसायनीच्या सरकारी कारखान्यातही तयार होत असे. प्रश्न इतकाच की भिंतीवर किती मारले याचा हिशेब सरकारने ठेवला. त्या भिंतीला टेकून निजणाऱ्या बाईच्या रक्तात किती गेले, याचा कुणी ठेवला?

चौथी रीत सगळ्यांत स्वस्त, आणि म्हणूनच बहुधा सगळ्यांत उपेक्षित: विचारणे. पण ती नीट केली तर काय हाती लागते, याचे उदाहरण दूर शोधायला नको.

१९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची मोजमापे त्यांनी दिवस जाण्याच्या आधीपासून घेतली. गरोदरपणात त्या काय खातात, किती खातात, दिवसभर काय काम करतात, हे विचारले. मूल जन्मल्यावर त्याला मोजले, आणि तेच मूल पुढे सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा मोजले. या आयांचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते आणि बाळांचे सुमारे २.७ किलो. इंग्लंडातल्या बाळांशी तुलना केली तेव्हा एक गोष्ट दिसली. आपली बाळे हडकुळी खरी, पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी झालेली नव्हती. कमी झाले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. पुढे मधुमेहाकडे नेणारी वाट येथूनच फुटते, असे या शास्त्रज्ञांचे मत आहे. सुमारे दोनतृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्या आया पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा खात त्यांची बाळे मोठी निघाली.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली बाब मात्र अन्नाची नाही. त्यांनी बायकांच्या श्रमालाही गुण दिले. शेतातले काम, विहिरीवरून पाणी आणणे, धुणे, घरकाम, विश्रांती यांची वेळ विचारून प्रत्येकीच्या कामाचा एक आकडा काढला. जिचा आकडा मोठा तिचे बाळ लहान. म्हणजे पाणी कुठे आहे, घरापासून विहीर किती लांब, या गोष्टी पोटातल्या मुलाच्या वजनात उतरतात. आपल्याला हे वाचून नवल वाटत नाही. पण नवल न वाटणे वेगळे आणि आकडा हातात असणे वेगळे. ग्रामसभेत नळाची मागणी करताना ‘बायांना त्रास होतो’ म्हटले की लोक हसतात. ‘विहीर लांब असली की बाळ लहान जन्मते, हे पुण्याजवळच मोजून झाले आहे’ असे म्हटले तर निदान हसणे थांबेल.

हे सगळे वाचून झाल्यावर मी एक दोनशे पानी वही घेतली आणि आत्याकडे जाऊन बसलो. गागोदे म्हटले की वाचकांना विनोबा आठवतील; ११ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचा जन्म या गावी झाला. १९५१ साली पोचमपल्लीला त्यांच्यापुढे जमीन मागायला उभे राहिले ते दलितच होते, हेही येथे आठवून ठेवावे. कारण वहीचे पहिले पान उघडले आणि पहिलाच प्रश्न जमिनीचा निघाला. ज्याला स्वतःचे शेत आहे त्याच्या अंगावर वर्षाला एका शेताचा राब येतो. ज्याला नाही त्याच्या अंगावर जितके मालक तितके राब.

राब म्हणजे काय, हे देशावरच्या वाचकांना सांगायला हवे. कोकणात भाताचे रोप टाकण्याआधी त्या तुकड्यावर पाला, फांद्या, गवत, शेण यांचा थर पसरून तो जाळतात. वैशाखात तो पेटला की धूर जमिनीलगत दिवसभर लोळत असतो आणि बाया हातात काठी घेऊन त्यात उभ्या असतात. आत्या हे काम दहाव्या वर्षापासून करीत होती. किती शेते? तिने बोटे मोजली, मग मोजणे सोडून दिले.

तिला सन सांगता येत नाही. पण ही अडचण शास्त्रज्ञांनाही येते आणि तिच्यावर त्यांनी उपायही काढला आहे: माणसाच्या आठवणीत ठाम रुतलेल्या घटनांच्या खुंट्या ठोकायच्या आणि बाकीचे त्यांना टांगायचे. आमच्या खुंट्या अशा निघाल्या. बाबासाहेब गेले (१९५६). कोयनेचा भूकंप (डिसेंबर १९६७). गिरणीचा संप (जानेवारी १९८२). जिल्ह्याचे कुलाबा नाव जाऊन रायगड झाले, ते मात्र तिला आठवेना. त्याने तिच्या आयुष्यात काही बदलले नव्हते. २६ जुलै २००५ चा पूर तिला दिवसासकट आठवत होता. बाबासाहेब गेले तेव्हा ती हंडा नव्हे, कळशी आणीत होती. भूकंपाच्या आधी लग्न झाले होते. संपानंतर मामा मुंबईहून परत आले ते खोकत आले.

हंड्याचा हिशेब मीच केला. पंधरा लिटरचा हंडा, दिवसाच्या चार खेपा, तीस वर्षे. साठ किलो रोजचे, म्हणजे वर्षाला २१ हजार ९०० किलो, तीस वर्षांत ६५७ टन. मी हा आकडा तिला सांगितला. ट्रक भरून दाखवल्याशिवाय तिला तो कळणार नव्हता, तेव्हा म्हटले, दहा टनांचे पासष्ट ट्रक. ती हसली आणि म्हणाली, त्यात धुण्याचे नाही धरले तू. खरेच धरले नव्हते. (हेटवणे धरण याच पेण तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी नव्या मुंबईला जाते.)

मग चूल. बाराव्या वर्षापासून गॅस येईपर्यंत पंचावन्न वर्षे, रोजचे तीन तास, म्हणजे साठ हजार तासांहून अधिक. माणूस तासाला अंदाजे अर्धा घनमीटर हवा आत घेतो. गुजरातच्या त्या बायांचा आकडा तिला लावला तर नाकातून गेलेला धूर दोनशे ग्रॅमच्या वर भरतो. तिची चूल त्यांची चूल नव्हे, छपरातून धूर थोडा निघून जाई, सगळे कण छातीत राहतही नाहीत. हा हिशेब कच्चा आहे हे मला कबूल आहे. तरीही पेणच्या कागदावर ‘बिडी ओढत नाही’ एवढेच होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहून ठेवले आहे की श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणाऱ्या रोगाच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्क्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर, शेतातली आणि कारखान्यातली धूळ यांना त्यांनी कारणांत वरचे स्थान दिले आहे. म्हणजे विचारायला हवा तो प्रश्न पुण्यातच लिहून तयार होता. तो घाट उतरून पेणपर्यंत आला नाही.

मामांचे पान मी निराळे केले. ते आता हयात नाहीत. मुंबईच्या गिरणीत ते रिंगखात्यात होते. साचाखात्यात का नव्हते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागावर काम करणारा कामगार धोट्यातला धागा तोंडाने ओढून घेई. अस्पृश्याच्या थुंकीचा धागा सवर्ण कामगार तोंडात कसा घेणार? म्हणून विणाईचे खाते, जेथे मजुरी जास्त, ते आपल्याला बंद; सूतकताईचे खाते, जेथे मजुरी कमी, ते उघडे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मालकांपुढे आणि कामगार पुढाऱ्यांपुढेही मांडला होता. आपण त्याकडे आजवर मजुरीचा आणि मानाचा प्रश्न म्हणून पाहिले. आता छातीच्या डॉक्टराच्या नजरेने पाहा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या रोगात आठवड्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, पुढे पुढे ती रोजच आवळू लागते. हा रोग कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत सर्वांत जास्त, सूतकताईत त्याखालोखाल आणि विणाईत सर्वांत कमी आढळतो. म्हणजे विटाळाची रेघ आणि धुळीची रेघ गिरणीत एकमेकींवर पडल्या होत्या. तोंडाचा विटाळ टाळणाऱ्यांनी फुप्फुसाची वाटणी करून टाकली. जात कामांबरोबर कामगारांनाही कायमचे वाटून टाकते, हे बाबासाहेबांनी सांगितलेच होते. ती विषही वाटते, हे त्यात जोडून घ्यायला हवे.

म्हणून माझा आग्रह असा की या शास्त्राच्या प्रश्नावलीत जातीचा रकाना असलाच पाहिजे. अर्जात असतो तसा नुसता ‘प्रवर्ग’ नव्हे. वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला आहे, पाणी कुणाच्या परवानगीने मिळे, कोणती कामे नाकारता येत नव्हती, मेलेले ढोर कुणी ओढले, हे सगळे त्यात हवे. हा रकाना नसेल तर धूर, धूळ, कुपोषण, ताण हे सुटे सुटे आकडे राहतात आणि ते एकाच घरात गर्दी का करतात हे कोडेच उरते.

मोजणारे कुणाला मोजतात, हाही प्रश्न आहे. मुंबईत १९९१ ते १९९७ या काळात मतदार याद्या घेऊन पस्तिशीच्या वरच्या १ लाख ४८ हजार १७३ लोकांची नोंद झाली. तंबाखूने माणसे किती आणि कशी मरतात हे शोधण्यासाठी. फार मोलाचे काम आहे ते. पण त्यात वरच्या वर्गाच्या इमारती वगळाव्या लागल्या, कारण पहारेकरी आत सोडत नसत. गरिबाला दार नसते, म्हणून विज्ञान त्याच्याकडे आधी येते. मग नमुना जातो आणि उत्तर परत येत नाही, हा अनुभव वस्त्यावस्त्यांतून ऐकू येतो. रक्त कशासाठी घेतले, कुठे ठेवले, त्यातून काय निघाले, हे ज्याचे रक्त त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. अंगठा घेतला म्हणजे संमती मिळाली, असे होत नाही.

नोंद नसली की काय होते, ते भोपाळने दाखवले. १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला, आणि पुढे छप्पन्न प्रभागांपैकी छत्तीस वायुबाधित ठरले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने बाधित भागातल्या सुमारे ८० हजार लोकांची नोंद करून अभ्यास चालवला, तो १९९४ साली थांबवला. तुम्ही त्या रात्री कुठे होता आणि किती श्वास घेतला, हे सिद्ध करणे आजाऱ्याच्याच गळ्यात पडले. आणि ते तर एका रात्रीचे होते. गटारात उतरून माणूस एका दिवसात मेला तर २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दहा लाख आणि २०२३ च्या निकालाने तीस लाख भरपाई ठरली आहे, ती मिळो न मिळो. पण त्याच गटाराचा वायू तीस वर्षे थोडा थोडा घेणाऱ्याची कुठे गणती नाही. तो वायू फार झाला की नाकाला वास येईनासा होतो, हे शरीरशास्त्र आहे.

या शास्त्रात धोकेही आहेत आणि ते लपवू नयेत. पोटातच घडण होते हे एकदा सिद्ध झाले की बोट आईकडे वळायला वेळ लागत नाही: तू पालेभाजी का खाल्ली नाहीस, मशेरी का लावलीस? मशेरी भूक मारते म्हणून लावली जाते, हे प्रश्नावलीत कुठे येत नाही. दुसरा धोका अधिक खोल आहे. ‘हे लोक जन्मापासूनच कमी घडलेले’ असे नव्या शास्त्राच्या नावाने म्हणणारे उद्या निघतील. जनुकांऐवजी गर्भाचा आधार घेतील एवढेच. त्यांना सांगावे लागेल की पुण्याच्या त्याच चमूने २०१२ साली किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ देऊन पुढली पिढी सुधारते का, हे पाहण्याचा प्रयोग हाती घेतला. जे घडवता येते ते बदलता येते, या समजुतीवरच तो उभा आहे. तिसरा धोका वेळकाढूपणाचा. मोजणे चालू आहे, निष्कर्ष आल्यावर पाहू, असे म्हणून नळ आणि सिलिंडर अडवून ठेवता येतात. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जाताना आपल्या लोकांनी पाण्याचे पृथक्करण मागवले नव्हते. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडण्यास सांगितले आणि लोकांनी घरोघर ते सोडले. अंगावर येणाऱ्या गोष्टी माणसांनी ठरवून परतवल्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या जिल्ह्यात नाही.

साहित्याच्या अंगाने एक गोष्ट सुचते ती सांगून टाकतो. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, त्यानंतर आत्मकथनांची रांग लागली, आणि समीक्षकांनी ती अनुभवाची दाहकता म्हणून वाचली. त्यांत काय खाल्ले, कुठले पाणी प्याले, कुठे निजले, कोणत्या वयात कोणते काम केले, हे वर्षावर्षाने लिहिलेले आहे. आरोग्यशास्त्राला जी प्रश्नावली भरून हवी आहे, ती आपल्या लेखकांनी कुणी न विचारता भरून ठेवली आहे. महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने ही आत्मकथने या नजरेने वाचून तक्ते मांडले तर ते काम माझ्या वहीपेक्षा कितीतरी मोलाचे होईल. मराठीचा प्राध्यापक आणि वैद्यकाचा विद्यार्थी यांना त्यासाठी एका टेबलाशी बसावे लागेल, हीच काय ती अडचण.

वही घेऊन मी आत्याला पुन्हा पेणला नेले. डॉक्टरने पहिली चार पाने वाचली, मग खुर्ची पुढे ओढली. नळीत जोराने फुंकायची तपासणी त्याने त्या दिवशी करून घेतली. तीनदा फुंकताना आत्याला हसू आवरेना. श्वासनळ्या अरुंद झालेल्या निघाल्या. हवेतून घ्यायचे औषध मिळाले, आणि जुन्या कागदावरच्या ‘बिडी ओढत नाही’च्या शेजारी त्याने स्वतःच्या हाताने लिहिले: चुलीचा धूर ५५ वर्षे, राब, हंडा. हंडा कशाला लिहिला, असे मी विचारले. तो म्हणाला, मान दुखते असे त्या म्हणाल्या होत्या, मी मागल्या वेळी लिहिले नव्हते.

घरी गॅस आहे, पण अंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते. ती चूल पडवीतून काढून अंगणात न्यायची, एवढे सध्या ठरले आहे. वहीची साठ पाने भरली. पुढली पाने कातकरवाडीतल्या एका बाईसाठी राखून ठेवली आहेत. ती वीटभट्टीवर गेली आहे. पावसाआधी परत येईल.